डोळ्यांत मध नको, उरलेले थेंबही नकोत



मुलाचे डोळे लाल झाले की मध किंवा गुलाबपाणी घालावे, असे सुचवणारे पत्र गेल्या अंकात वाचले. हेतू चांगला असला तरी सल्ला मला मुळीच पटला नाही. घरातला मध निर्जंतुक नसतो आणि चुरचुरणाऱ्या डोळ्याला तो आणखी झोंबतो.

त्याहून मोठी भीती कपाटातल्या, उरलेल्या थेंबांच्या जुन्या बाटलीची. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली चटकन ओसरते, पण नागिणीच्या विषाणूचा संसर्ग असल्यास बुबुळावर व्रण पडू शकतो.

साधी चुरचुर असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे पुसावे. दर वेळी नवा बोळा, प्रत्येक डोळ्याला वेगळा. मिटल्या पापण्यांवर गार घडी ठेवावी. टॉवेल, उशी वेगळी, हात साबणाने धुतलेले. जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळ्यांची साथ पसरली, तेव्हाही भर याच स्वच्छतेवर होता.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा घट्ट पू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर घरी काहीच करून पाहू नये.

– एक वाचक, पुणे