ऱ्हस्वातला ऱ आणि लिनक्सचा संसार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप आणि नवा प्रोसेसर नसलेले संगणक त्या दिवसापासून वाऱ्यावर सुटले, आणि असे संगणक आमच्यासारख्या आडगावच्या महाविद्यालयांत पुष्कळ आहेत. मग कोणीतरी सल्ला देतो, "लिनक्स टाका, फुकट आहे." सल्ला खोटा नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका मराठी विभागात आम्ही काही वर्षे हा संसार केला आहे, म्हणून या फुकटेपणाचे मोल काय पडते ते लिहावे म्हणतो. लिनक्सविषयी अभियंते भरपूर लिहितात; भाषेचे अध्यापक लिहीत नाहीत.

किरकोळ कटकटी लौकर आटोपून टाकू. प्रिंटर ओळखला जातो, पण कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापत नाही. प्रोजेक्टर जोडला की पडद्यावर निम्मीच चौकट येते. दुसऱ्याने वर्डमध्ये केलेला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये उघडला की रकाने एकमेकांच्या अंगावर जातात. उपाय शोधावा तर "टर्मिनल उघडा आणि पुढील आज्ञा द्या" हे इंग्रजीतले उत्तर ठरलेले. हे सारे त्रासदायक असले, तरी त्यात मराठीचे असे काही नाही. तमिळनाडूतल्या किंवा पोलंडमधल्या प्राध्यापकालाही हेच भोगावे लागते.

आमचे खरे दुखणे 'ऱ्हस्व' या शब्दापासून सुरू होते. हा शब्द लिहिताना आडव्या रेषेचा र लागतो. हिंदीला त्याची गरज नाही, मराठीचे त्याच्यावाचून चालत नाही. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' यांत व्यासपीठ आणि स्वयंपाकघर एवढे अंतर आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून नुक्त्याचा ऱ मिळतो, पुढे हलन्त दिला की अक्षर साधते. मात्र ही युक्ती कळफलकावर कुठे लिहिलेली नसते. रोमन लिपीतून मराठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ती सापडत नाही आणि तो निमूटपणे 'दर्या', 'वार्यावर', 'र्हस्व' लिहून मोकळा होतो. दऱ्याखोऱ्यांच्या वर्णनात एकदम समुद्र येतो. शिवाय हेच अक्षर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही काढता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला दोन निराळी. त्यामुळे प्रबंधात 'तऱ्हा' शोधावा तर अर्धे दाखले मिळतात आणि अर्धे पानावर समोर असूनही सापडत नाहीत. संहितासंशोधनाच्या विद्यार्थ्याला हा फरक किती महागात पडेल, हे सांगायला नको.

ल आणि श यांची कथाही अशीच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरविताना पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श स्वीकारले. युनिकोडमध्ये मात्र हिंदी ल आणि मराठी ल यांना एकच संकेत आहे. कोणता आकार दाखवायचा हे फॉन्ट ठरवितो, आणि फॉन्टला मजकूर मराठी असल्याचे कोणी सांगितले तरच. न सांगितल्यास हिंदी ल येतो. पुण्याच्या वाचकाला तो लगेच खटकेल. आमच्याकडे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हाकेच्या अंतरावर, बाजारपेठेच्या पाट्या हिंदीत. त्यामुळे विद्यार्थ्यांना तो खटकतच नाही. ज्या सीमेवर मराठीने आपला आकार जपायला हवा, तिथेच संगणक तो पुसून टाकतो.

गंमत अशी, की लिब्रेऑफिसच्या वर्गवारीत देवनागरी 'जटिल मांडणी'च्या लिपींत मोडते. जिला आपण 'बालबोध' म्हणतो ती! रोमन मजकुराचा फॉन्ट एका खान्यात, बालबोधाचा दुसऱ्या. भाषाही तिथेच निवडायची. हे ठाऊक नसलेला मनुष्य तासभर फॉन्ट बदलत राहतो आणि पानावर काहीच हलत नाही.

असो. या सगळ्यांपेक्षा मोठे संकट लिनक्सने आणलेले नाही, पण लिनक्समुळे उघडे पडले आहे. नव्वदच्या दशकापासून पुढे आमच्या भागात जे टंकलिखित झाले, ते बहुतांशी जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत. कृतिदेवासारख्या फॉन्टात देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असतात. फॉन्ट हाती असेल तोवर मराठी दिसते. तो नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. दंडारीची गाणी, लग्नातली गाणी, झाडीबोलीतल्या म्हणी विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या आणि अशा फायलींत ठेवल्या. गाणाऱ्या बायांपैकी अनेकजणी आता हयात नाहीत. संगणक बदलला की ती गाणी मुकी होतात. फॉन्ट बदलून देणारी साधने आहेत, परंतु ती नेमकी ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांवर अडखळतात, आणि बोलीच्या मजकुरात कोणती चूक यंत्राची व कोणते रूप बोलीचे, हे परक्या माणसाला सांगता येत नाही. एवढे करून आम्ही युनिकोडमध्ये लेख पाठवावा, तर एक नियतकालिक तो परत पाठवून जुन्याच फॉन्टात मागते.

मग लिनक्स सोडून द्यावे काय? आमचे मत उलट आहे. यांतल्या काही तक्रारी विंडोजवरही आहेत. फरक एवढाच, की तिथे आपण ग्राहक असतो आणि गाऱ्हाणे मांडून थांबतो. लिनक्सवर जे मराठी दिसते ते थोड्या माणसांच्या श्रमाने आले आहे. लोहित फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केले. सी-डॅकची 'बॉस' प्रणाली २००७ ची. मेनूंतले मराठी शब्द स्वयंसेवकांनी घडविले. त्यांतले काही कानाला बोचतात. आपण वर्गात त्यांना हसतो. परंतु ते घडत असताना मराठीचे विभाग कुठे होते? केरळात 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' ही मंडळी २००२ पासून फॉन्ट आणि शब्दतपासणीवर काम करीत आली, आणि तिथल्या शाळांनी लिनक्स पत्करले. आपल्याकडे 'हे संगणकवाल्यांचे काम' असे म्हणून भाषेच्या लोकांनी हात झटकले.

शब्दतपासणीचेच पाहा. लिब्रेऑफिस त्यासाठी वापरते ते हन्स्पेल मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाले, म्हणजे प्रत्ययांवर प्रत्यय चढविणाऱ्या भाषेसाठी. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा आपला शब्द त्याच जातीचा. त्याला लागतात दोन साध्या मजकूर-फायली: एकीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. सामान्यरूप कसे होते, कोणत्या अव्ययापूर्वी काय बदलते, हे सांगायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, एम.ए.च्या व्याकरणाच्या पेपराची तयारी लागते. प्रमाण शब्दांवर उभारलेली तपासणी झाडीबोलीतल्या 'पानी'ला चूकच ठरविणार, पण बोलीची निराळी शब्दसूची जोडण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांत यंदा आम्ही हे काम धरले आहे. जुन्या फायलींतली गाणी युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक अनोळखी शब्द सूचीत घालायचा आणि त्यापुढे गाव व तालुका लिहायचा. प्रिंटर अजूनही एकाच बाजूने छापतो.