एकदा चाक काढून तर पाहा!

परिबलाचा पाठ मी गेली अठरा वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहे. परिबल, म्हणजेच टॉर्क, हा बल आणि आसापासूनचे लंब अंतर यांचा गुणाकार असतो, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. असे असूनही गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याच मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा नट काही मला सुटेना.

आमची द्रोणागिरी म्हणजे पनवेलच्या पुढे, उरणजवळ सिडकोने वसविलेली वस्ती. एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावाशेवा बंदर. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रस्त्यावर काय काय सांडलेले असते, ते इथल्या दुचाकीस्वारांना विचारा. त्यात खारा वारा. लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. टायर गुळगुळीत झाला होता, म्हणून ठरविले की या वेळी चाक घरीच काढायचे.

गाडीच्या पुस्तिकेत त्या नटासाठी ६० न्यूटन-मीटर परिबल दिले होते. माझा पाना २० सेंटिमीटर लांबीचा. म्हणजे टोकाशी ३०० न्यूटन बल हवे, सुमारे तीस किलो वजनाइतके. गंजलेला नट त्याहून कितीतरी अधिक मागतो. मी घामाघूम झालो. शेजारी बसून पाहणारी माझी नववीतली मुलगी म्हणाली, "बाबा, पान्याला पाईप लावा ना!" पाईप लावल्यावर लांबी झाली ६० सेंटिमीटर, आणि नट कुरकुरत सुटला. हे कुठल्या पुस्तकात वाचलेस, असे विचारले तर म्हणाली, "पुस्तकात कशाला? नाक्यावरचे पंक्चरवाले काका असेच करतात."

मला थोडी लाज वाटली, हे कबूल करतो.

(हा पाईप फक्त सोडविण्यासाठी. आवळताना तो लावाल तर आटे जातील. शिवाय आस दुसऱ्या टोकाला दुसऱ्या पान्याने धरावा लागतो, नाहीतर नटाबरोबर तोही फिरत राहतो. आणि नट सैल करायचा तो गाडी डबल स्टँडवर चढविण्यापूर्वी, दोन्ही चाके जमिनीवर असताना.)

खरी गंमत मात्र पुढेच आहे. चाक निघाल्यावर टायर रिमवरून उतरवायचा. रबर ताणले जाते आणि टायर निघतो, असे तुम्हाला वाटत असेल. माझ्या वर्गातही बहुतेकांचे उत्तर हेच येते. परंतु टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचे कडे असते, आणि हाताच्या जोराने ते मुळीच ताणले जात नाही. त्याचा घेर रिमच्या बाहेरच्या कडेपेक्षा लहान असतो. मग लहान कडे मोठ्या वर्तुळावरून उतरते कसे?

रिम मधोमध खोल असते. एका बाजूची टायरची कड गुडघ्याने दाबून त्या खळग्यात उतरविली, की तार तिथे सेंटिमीटरभर आत सरकते आणि बरोबर समोरच्या बाजूला तेवढीच मोकळीक मिळते. लिव्हर तिथे घालायचा. ज्याला हे ठाऊक नाही तो लिव्हरवर जोर करीत राहतो आणि शेवटी ट्यूब चिमटून फाडतो. डनलॉपने १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी हवेचा टायर केला खरा, पण त्या काळचे टायर चाकाला चिकटवलेले असत, आणि पंक्चर काढणे ही शिक्षाच होती. तारेची कड आणि खोलगट रिम यांची जोडी १८९० मध्ये चार्ल्स वेल्च याने शोधली. भूमितीच्या एवढ्या सुंदर उपयोगाला आपल्या पुस्तकांत जागा मिळू नये, हे मला तरी पटत नाही.

आता माझी चूक. नवा टायर चढविला, चाक बसविले, साखळीचा ताण दोन्ही बाजूंच्या खुणा पाहून सारखा केला. हात पुसताना पाहतो तो खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एक बोल्ट उरलेला!

मागच्या ड्रम ब्रेकचे झाकण एका पट्टीने गाडीच्या सांगाड्याशी बांधलेले असते. बोल्ट त्या पट्टीचा होता. ब्रेकच्या पट्ट्या चाकाला थांबवितात तेव्हा चाकही त्यांना, आणि त्यांच्यासकट झाकणाला, आपल्याबरोबर फिरवू पाहते. न्यूटनचा तिसरा नियम. ती पट्टी झाकणाला धरून ठेवते. ती सुटी असती तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला झाकण फिरले असते, ब्रेकचा दांडा पिळवटला असता आणि चाक जागीच अडकले असते, बहुधा एखाद्या ट्रेलरच्या पुढ्यात. क्रिया आणि प्रतिक्रिया मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिली आहे. पण तो बोल्ट हातात धरून जसा बसून राहिलो, तसा फळ्यासमोर कधी उभा राहिलो नव्हतो.

काही पालक म्हणतील, आमच्या मुलांना काय गॅरेज काढायचे आहे? शिक्षक म्हणतील, अपघात झाला तर? दुसरी भीती खरी आहे. म्हणून शाळेने चालती गाडी घेऊच नये. भंगारातून एक तारांचे चाक, जुना टायर आणि दोन लिव्हर आणावेत. एवढ्यावर वर्षभराचे प्रयोग होतात. घरी करायचे तर मोठे माणूस शेजारी हवे, आणि चाक परत बसविल्यावर जाणत्याने एकेक नट तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. ट्यूबलेस टायर असेल तर चाक काढून दुकानात न्यावे, तिथल्या यंत्रावर ते काम नीट होते. पुढे डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबू नये, तेलाच्या दाबाने दट्ट्या बाहेर येतो. गाडी चालवायला परवाना लागतो, तो तुमच्याकडे नाही. चाक समजून घ्यायला लागत नाही.

पहिल्या आक्षेपाला मात्र मी किंमत देत नाही. दुसऱ्याच्या वहीतून उतरवून प्रयोगवही पूर्ण करणारी मुले दरवर्षी माझ्याकडे येतात. गुण चांगले असतात. स्क्रू कोणत्या दिशेला फिरवायचा हे विचारावे लागते. दोष त्यांचा नाही. हात काळे करणे हे कमी शिकलेल्याचे काम, असे आपणच त्यांना न बोलता शिकविले आहे. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला परिबलाची व्याख्या येत नाही आणि मला नट सोडविता येत नव्हता. या दोन अज्ञानांपैकी एकालाच आपण अज्ञान म्हणतो.

दिवाळीच्या सुट्टीत पुढचे चाक काढायचे आहे. ते निघाले की गाडीचा गुरुत्वमध्य किती मागे सरकेल आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळा नेमका कुठे ठेवायचा, याची आकृती मुलीने काढून ठेवली आहे. मी ती अजून तपासलेली नाही.