एक्सप्लेनर : सगळे सामने जिंकूनही टीम बाहेर कशी जाते? अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या रँकिंगचा न सुटणारा पेच

३ डिसेंबर २०२३. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफसाठी चार टीम जाहीर होणार होत्या. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमने मोसमात १३ सामने खेळले होते आणि १३ही जिंकले होते. स्वतःच्या कॉन्फरन्सचं विजेतेपदही त्यांच्याकडे होतं. तरीही यादीत त्यांचं नाव आलं नाही. प्रत्येकी एक सामना हरलेल्या टेक्सास आणि अलाबामा मात्र आत गेल्या.

निवड समितीने दिलेलं कारण सरळ होतं. फ्लोरिडा स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जखमी झाला होता आणि त्याच्याशिवाय ही टीम पूर्वीइतकी ताकदवान राहिली नाही, असं समितीचं मत पडलं. पाच मोठ्या कॉन्फरन्सपैकी एकीची अपराजित विजेती टीम प्लेऑफबाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

मुळात रँकिंग लागतंच कशाला?

आपल्याकडे आयपीएलमध्ये १० टीम असतात, पॉइंट्स टेबल असतं आणि बरोबरी झाली तर नेट रनरेट असतो. कोण वर, कोण खाली, यासाठी कुणाचं मत विचारावं लागत नाही. (इथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल, हे वेगळं सांगायला नको.) कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात १३०हून अधिक टीम आहेत आणि नियमित मोसमात प्रत्येकीच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. प्रत्येक टीम प्रत्येकीशी एकदा खेळवायची म्हटलं तर आठ हजारांहून जास्त सामने लागतील. प्रत्यक्षात होतात आठशेच्या आसपास. म्हणजे दहापैकी नऊ जोड्या कधी समोरासमोर येतच नाहीत. एका टीमचे १२ विजय दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरचे असू शकतात, तर दुसरीचे १० विजय तगड्या टीमवरचे. पॉइंट्स टेबल इथे निरुपयोगी ठरतं. म्हणून मतदान.

असोसिएटेड प्रेसचा पोल १९३६पासून नियमित सुरू आहे. साठेक क्रीडा पत्रकार दर आठवड्याला आपापले २५ क्रमांक देतात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत पंचविसाव्याला १ गुण. सगळ्यांची बेरीज केली की रँकिंग तयार. १९५०पासून प्रशिक्षकांचा वेगळा पोलही आहे. त्यातली गंमत अशी की शनिवारी हे प्रशिक्षक स्वतःच मैदानावर असतात, मग इतरांचे सामने पाहायचे कधी? शिवाय ते मत देतात ते स्वतःच्या टीमला आणि प्रतिस्पर्ध्यांनाही.

तीन टीम, तीन निकाल, आणि गोल गोल फिरणारा वाद

मतदार कितीही प्रामाणिक असला तरी काही प्रश्न सुटत नाहीत. २००८चा मोसम याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ हरवलं. टेक्सास टेकने टेक्सासला ३९-३३ हरवलं. मग ओक्लाहोमाने टेक्सास टेकचा ६५-२१ असा धुव्वा उडवला. तिघी एकाच गटातल्या, तिघींचं रेकॉर्ड ११-१. गटातून अंतिम सामन्यात कोण जाणार, हे नियमानुसार तेव्हाच्या बीसीएस रँकिंगवर सोडण्यात आलं. त्यात ओक्लाहोमा दुसरी, टेक्सास तिसरी आणि टेक्सास टेक सातवी होती. ओक्लाहोमा पुढे गेली. जिने ओक्लाहोमाला हरवलं होतं, ती टेक्सास घरी बसली.

या तिघींचा कोणताही क्रम लावला तरी किमान एक निकाल त्याच्या विरोधात जातो, हे उघड आहे. पण आकडेमोड एक पायरी पुढे नेऊन पाहा. ‘टेक्सास, ओक्लाहोमा, टेक्सास टेक’ असा क्रम लावला असता तर फक्त एक निकाल खोटा ठरला असता. ‘ओक्लाहोमा, टेक्सास टेक, टेक्सास’ यातही एकच. निवडला गेलेला क्रम मात्र तीनपैकी दोन निकालांच्या विरोधात होता. असं का झालं? ६५-२१ हा निकाल तिघांतला शेवटचा होता, २२ नोव्हेंबरचा, आणि सगळ्यात एकतर्फीही. ऑक्टोबरमधला टेक्सासचा विजय तोवर लोकांच्या डोळ्यांसमोरून मागे सरकला होता. परीक्षकाला शेवटचा पेपर सगळ्यात ठळक आठवावा, तसाच हा प्रकार.

उलट चूकही होते. मोसम सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्येच पहिलं रँकिंग छापून येतं. तेव्हा एकही चेंडू फेकलेला नसतो. तिसऱ्या क्रमांकावरून सुरुवात केलेली टीम जिंकत राहिली तर तिथेच राहते. यादीबाहेरून आलेली टीम तितकंच जिंकली तरी तिला एकेक पायरी चढावी लागते, तेही वरची कुणीतरी हरली तरच. २००४मध्ये ऑबर्नची टीम अपराजित राहिली, पण वरच्या दोन्ही टीमही हरल्या नाहीत आणि ऑबर्नला अंतिम सामना मिळाला नाही. त्या मोसमानंतर असोसिएटेड प्रेसने आपला पोल बीसीएसच्या गणितात वापरायला मनाई केली.

मग कॉम्प्युटरकडेच का देऊ नये?

दिलं होतं. १९९८ ते २०१३ या बीसीएसच्या काळात पोलच्या जोडीला कॉम्प्युटर रँकिंगही मोजली जात. त्यांतली वेस्ली कॉली या खगोलभौतिकशास्त्रज्ञाची पद्धत समजायला सोपी आहे. एका विजयाने टीम थेट शंभर टक्के होऊ नये म्हणून सूत्र असं : विजय अधिक १, भागिले सामने अधिक २. एकही सामना न खेळलेली टीम १/२, म्हणजे ०.५वर. एक जिंकला की २/३. ११-१ असेल तर १२/१४, म्हणजे सुमारे ०.८६. त्यानंतर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग धरून सगळ्या टीमची समीकरणं एकत्र सोडवायची, म्हणजे तगड्या टीमशी खेळल्याचं मोल आपोआप मिळतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मॅट्रिक्स आठवत असेल तर हे तेच. यात टीमचं नाव, इतिहास, ऑगस्टचं रँकिंग काहीच येत नाही.

पण कॉम्प्युटरला काय मोजायला सांगायचं, हे शेवटी माणूसच ठरवतो. मोठ्या फरकाने जिंकल्याचं श्रेय द्यायचं की नाही? दिलं तर जिंकलेला सामनाही शेवटपर्यंत ताणून स्कोअर फुगवण्याचा मोह होतो. न दिलं तर एका गुणाने निसटलेली आणि ४० गुणांनी जिंकलेली टीम सारखीच दिसते. बीसीएसने २००२मध्ये फरक मोजणं बंद केलं. त्या निर्णयामागची भीती रास्त होती, पण वापरण्यासारखी बरीच माहितीही त्याबरोबर फेकली गेली.

२००३मध्ये तर दोन्ही पोलमध्ये पहिली असलेली सदर्न कॅलिफोर्निया अंतिम सामन्याबाहेर राहिली आणि आपल्या कॉन्फरन्सची फायनल ३५-७ अशी हरलेली ओक्लाहोमा आत गेली. एलएसयूने ओक्लाहोमाला हरवून बीसीएसचं विजेतेपद घेतलं. असोसिएटेड प्रेसने विजेता ठरवलं सदर्न कॅलिफोर्नियाला. एका मोसमाचे दोन चॅम्पियन!

खरा घोळ प्रश्नातच

साठ मतदारांना ‘रँकिंग द्या’ एवढंच सांगितलं की काही जण ‘आजवर कुणी जास्त कमावलं’ याचं उत्तर देतात, तर काही ‘उद्या सामना झाला तर कोण जिंकेल’ याचं. समजा, एकाने एखादी टीम दहावी ठेवली (१६ गुण) आणि दुसऱ्याने तिला यादीतच घेतलं नाही (० गुण). सरासरी ८ गुण, म्हणजे अठरावा क्रमांक. तिला अठरावी मानणारा मतदार मात्र एकही नाही.

फ्लोरिडा स्टेटचं प्रकरण याच फटीत अडकलं. कमाईच्या निकषावर ती आत होती, ताकदीच्या निकषावर बाहेर. नंतर ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने तिला ६३-३ हरवलं, तेव्हा समितीच्या समर्थकांनी ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ असा सूर लावला. हा पुरावा कच्चा आहे. त्या सामन्यातून फ्लोरिडा स्टेटच्या कितीतरी खेळाडूंनी आधीच अंग काढून घेतलं होतं. आणि अंदाजच चालणार असेल, तर १३ सामने खेळवायचे कशासाठी? खेळाडूने जिंकलेला सामना त्याच्या खात्यात राहिला पाहिजे, त्याचा सहकारी जखमी झाला म्हणून तो पुसला जाऊ नये.

पोल न्याय्य करायचा तर सुरुवात इथून व्हायला हवी : मतदाराने झालेले निकालच मोजावेत, भाकीत नाही. दर आठवड्याला कोऱ्या कागदावरून यादी करावी, गेल्या आठवड्याच्या यादीत खालीवर करून नाही. पहिलं रँकिंग चार-पाच सामन्यांनंतर यावं. सध्याची समिती आपली पहिली यादी मोसम अर्ध्यापुढे गेल्यावरच काढते, ही तिची चांगली बाजू. सदस्याच्या स्वतःच्या युनिव्हर्सिटीवर चर्चा असेल तेव्हा त्याला खोलीबाहेर जावं लागतं, हीसुद्धा. पण कुणी कुणाला मत दिलं, हे बाहेर येत नाही. पत्रकारांच्या मतपत्रिका जाहीर होतात. प्रशिक्षकांच्या फक्त शेवटच्या, त्याही २००५पासून.

उघडेपणाचा फायदा काय, हे २०१०मध्ये दिसलं. कॉलीच्या गणितात एका सामन्याचा निकाल भरायचाच राहून गेला होता. त्याचं सूत्र सर्वांसाठी खुलं असल्यामुळे बाहेरच्या एका विश्लेषकाने ते हुडकून काढलं, आणि एलएसयू व बॉइसी स्टेट यांची दहाव्या-अकराव्या क्रमांकावर अदलाबदल झाली. बीसीएसच्या बाकीच्या पाच कॉम्प्युटर रँकिंगची सूत्रं पूर्णपणे खुली नव्हती. त्यांत अशी चूक झाली असती तर बाहेरच्या कुणाला ती तपासताच आली नसती.

२०२४पासून प्लेऑफ १२ टीमचा झाला. वाद चौथ्या-पाचव्या क्रमांकावरून बाराव्या-तेराव्यावर सरकला, इतकंच. पहिल्याच वर्षी कॉन्फरन्सची फायनल ३४-३१ अशी हरलेली ११-२ एसएमयू आत गेली आणि ९-३ अलाबामा बाहेर राहिली. या वेळी समितीने नाव आणि अंदाज बाजूला ठेवून रेकॉर्ड मोजलं. तेरा महिला-पुरुषांच्या त्या बंद खोलीत कुणी कसं मत दिलं, ते मात्र याही वेळी बाहेर आलं नाही.