ती दुधाची बशी उचला!

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक शिष्टसंमत संकेत आहे. तोंडात करंजी असताना माणसाने गोडच बोलावे, हे मलाही मान्य आहे. पण ज्या घरांत हा अंक वाचला जाईल, त्यांपैकी काही घरांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आत्ता या क्षणी एक बशी असेल. बशीत दूध असेल, दुधात पोळीचा कुस्करा असेल, आणि बशीपुढे एक हडकुळे मांजर बसलेले असेल. त्याला लिहिता-बोलता येत नाही, म्हणून त्याचे वकीलपत्र मी घेतले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. यांपैकी एकाही गोष्टीने मला पशुवैद्यकावर बोलण्याचा अधिकार मिळत नाही, हे मी जाणून आहे. परंतु ज्या विषयावर सारी आळी अधिकारवाणीने बोलते, तिथे एका मास्तरानेच काय पाप केले आहे?

माझी फिर्याद थोडक्यात अशी आहे. नाजूक पोटाच्या रोडक्या मांजराला लठ्ठ करण्यासाठी आपण त्याला दूध पाजतो, आणि त्या दुधानेच ते अधिक रोडावते. त्या पाजण्याला आपण प्रेम म्हणतो. मी त्याला सोय म्हणतो. दूध घरात असतेच, पोळी उरलेली असतेच. द्यायला कष्ट नाहीत आणि दिल्याचे पुण्य मात्र रोख!

आमच्या मराठी भाषेने मांजराचे आणि दुधाचे लग्न कधीच लावून टाकले आहे. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणीत आहे. शिंके तुटताच आपले साधून घेणारा बोकाही म्हणीत आहे. पण या म्हणी जरा बारकाईने वाचा. दोन्हींतले मांजर चोर आहे. चोरी आवडीची असते, एवढेच म्हण सांगते. ती पचली की नाही, याबद्दल म्हण मौन पाळते. आमच्या शाळेतली मुले शेजारच्या वाडीतल्या कैऱ्या चोरून खातात. म्हणून कोणती आई आपल्या मुलाला दोन्ही वेळा ताटभर कैऱ्या वाढते?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारा लॅक्टेज नावाचा पाचकरस पिल्लाच्या आतड्यात भरपूर असतो. पण आईचे दूध सुटले की बहुतेक मांजरांत तो ओसरत जातो. मग न पचलेली ती साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथल्या जंतूंना आयतेच जेवण मिळते, पोट फुगते आणि जुलाब होतात. धडधाकट मांजर चार चमचे दूध पचवूनही टाकते. दुबळ्या पोटाचे मांजर ते दूध तर बाहेर टाकतेच, पण त्याच्याबरोबर अंगातले पाणी आणि आधी खाल्लेले अन्नही घालवून बसते. म्हणजे आपण बशीत घालतो दोन पैसे आणि मांजराच्या खिशातून काढून घेतो चार.

आता समोरच्या पक्षाचा पहिला आणि सर्वांत बलाढ्य साक्षीदार येतो: आजी! "आमच्या आजीचे मांजर दूधभातावर बारा वर्षे जगले, मास्तर!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की महाराष्ट्रातल्या यच्चयावत आज्यांचे एकच मांजर असावे, अशी मला शंका येते. आजी खोटे बोलत नव्हती. पण आजीच्या घराला माळा होता, धान्याची कोठी होती, मागे गोठा होता, आणि रात्री सारे निजल्यावर त्या मांजराचे खरे जेवण सुरू होत असे. आजीला दिवसाचे दूध दिसले. रात्रीचे उंदीर दिसले नाहीत. एका उंदरात अदमासे तीस कॅलरी असतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. म्हणजे सात-आठ उंदरांचा शिधा झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, जाळीच्या खिडक्यांआड, तुमचे मांजर ते सात-आठ उंदीर आणणार कोठून? आजीच्या बशीचा आपण वारसा घेतला, आजीच्या कोठीचा नाही.

मुळात मांजर माणसाकडे आले ते उंदरांसाठी. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले एक मांजर संशोधकांना सापडले. ती हकिकत २००४ साली प्रसिद्ध झाली. शेती नुकती सुरू झाली होती, धान्य साठू लागले होते, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. या साऱ्या आदिम व्यवहारात दुधाची बशी कोठेच नाही.

दुसरा साक्षीदार अधिक सात्त्विक आहे. "आमचे घर शाकाहारी, म्हणून मांजरही शाकाहारी." या घरांविषयी मला आदर आहे. पण मांजराची घडण आपल्या व्रतवैकल्यांना विचारून झालेली नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला आपल्या शरीरात पुरेसे बनवता येत नाही. ते मांसातून, मासळीतून मिळवावे लागते. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली दाखवले गेले. आणि हृदय दुबळे होऊन मांजरे मरतात, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील संशोधकांनी सिद्ध केले. गोडाचे म्हणाल, तर मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. २००५ साली तेही कारणासह उलगडले. तेव्हा दुधात साखर घालणाऱ्या माउलीने ती साखर कोणासाठी घातली, हे तिने स्वतःलाच विचारावे. ज्या घरात मांस शिजू शकत नाही, तिथे मांजरासाठी तयार मिळणारे पूर्णान्न आणता येते. तेही आणायचे नसेल, तर त्या घराने मांजर पाळू नये. गाय पाळावी, पोपटही नको, कारण त्याला पिंजरा लागतो.

आता माझ्याकडचा दाखला. गेल्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली एक मनी आली. वजन भरले दोन किलो चारशे ग्रॅम. पाठीचा कणा हाताला मण्यांच्या माळेसारखा लागत होता आणि पोट सदा बिघडलेले. आळीने सल्ल्यांचा वर्षाव केला. "मास्तर, दुधात चमचाभर तूप घाला, आठ दिवसांत टुणटुणीत होईल!" "दहीभात द्या, थंड असतो." "दोन दिवस लंघन घडवा." शेवटचा सल्ला सर्वांत घातक. माणसाला लंघन मानवत असेल. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल, तर त्याच्या अंगातली चरबी यकृतात साचून जिवावर बेतू शकते.

मी मनीला प्रथम जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले; कारण रोडपणा हे नेहमी उपासमारीचेच लक्षण नसते. पोटात जंत असतील, दात दुखत असतील, म्हाताऱ्या मांजराचे मूत्रपिंड थकले असेल किंवा गळ्यातली थायरॉइड ग्रंथी अतोनात काम करीत असेल, तर बशीत अमृत ओतले तरी अंगी लागत नाही. मनीला जंत निघाले. बाईंनी वजन करून त्या प्रमाणात औषध दिले आणि पुढचे सारे काम माझ्या धीरावर सोपवले.

ते काम असे होते. बिनहाडाची कोंबडी नुसत्या पाण्यात उकडायची. मीठ नाही, मसाला नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, कारण त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ही कोंबडी फक्त पोट सावरेपर्यंत. नुसत्या मांसात चुना पुरेसा नसतो, म्हणून त्यावर कायमचे राहता येत नाही. मग मांजराचे पूर्णान्न आणायचे, एकाच प्रकारचे, आणि ते आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचे: प्रथम चतकोर, मग निम्मे, मग पाऊण. जेवण कोमट करून, दिवसातून पाच वेळा, दर वेळी थोडेसे. मांजर ही थोडे थोडे, पुष्कळदा खाणारी जात आहे. एकदम पोटभर वाढले की दुबळे पोट ते परत पाठवते. आणि दर रविवारी वजन: मनीला घेऊन काट्यावर उभे राहायचे, मग एकट्याने उभे राहायचे आणि वजाबाकी करायची. तिसरीच्या वर्गातले हे गणित चुकणार नाही, एवढी विद्या माझ्यापाशी आहे. पहिल्या पंधरवड्यात काटा जागचा हलला नाही. तीन महिन्यांनी मनी तीन किलो शंभर ग्रॅम भरली.

"एका मांजरासाठी एवढे?" हा तिसरा साक्षीदार. त्याला माझे उत्तर सोपे आहे. एवढे जमत नसेल, तर न करण्याची मोकळीक आहे. पण दूधपोळी टाकून "आम्ही मांजर पाळतो" म्हणण्याची मोकळीक नाही. आपल्याला जे द्यायला सोपे, ते दिले म्हणजे दान झाले, ही आपली जुनी खोड आहे. पाहुण्याला मधुमेह असला तरी आपण त्याच्या ताटात तिसरा लाडू लोटतो आणि वर म्हणतो, "आमच्या आग्रहाचा मान राखा." पाहुणा निदान हात आडवा धरू शकतो. मांजराला तेही येत नाही.

आणि म्हणूनच हे मी दिवाळीत लिहीत आहे. या चार दिवसांत घरोघरी लसणीचा चिवडा जमिनीवर सांडतो, पाहुण्यांची मुले मांजराला चॉकलेट भरवतात, आणि फटाक्यांच्या धसक्याने ते पलंगाखाली शिरून जेवण टाकते. चिवडा उचला, मुलांना अडवा, आणि मांजराला आतली शांत खोली द्या. दुसऱ्या दिवशीही ते जेवले नाही, तर भाऊबीज उरकण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठा. घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मात्र त्याला चुकूनही देऊ नका. अर्धी गोळीदेखील त्याचा जीव घेऊ शकते.

आपली दिवाळी वसुबारसेने सुरू होते. त्या दिवशी पुष्कळ घरांतल्या बायका गाईचे दूध-तूप वर्ज्य करतात, आणि गाय-वासराची पूजा होते. दूध हे आधी वासराचे, हे वर्षातून एक दिवस तरी आपल्याला आठवते. तोच विचार आणखी दोन पावले पुढे न्या, म्हणजे ते मांजराचे तर नव्हेच, हे आपोआप कळेल. वाचकहो, अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि ती बशी उचला. तिच्या जागी ताज्या पाण्याचे भांडे ठेवा, आणि जेवण मांजराचे मांजराला द्या.