वाहनांची नोंदणी पाटी : स्क्रू, चिकटपट्टी की कुलूप?

वाहनाची नोंदणी पाटी स्क्रूने बसवावी की मजबूत चिकटपट्टीने चिकटवावी, हा प्रश्न वरकरणी गॅरेजमधील कारागिराचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा संबंध वाहनचोरी, गुन्ह्यांचा तपास आणि निरपराध वाहनमालकाच्या नावे निघणाऱ्या दंडाच्या पावत्या यांच्याशी आहे. पाटी किती घट्ट बसली आहे यापेक्षा ती अखंड काढून दुसऱ्या वाहनावर लावता येते का, यावर तिची सुरक्षितता ठरते. पाव शतकापूर्वी केलेल्या नियमांचा गाभाही हाच आहे. मात्र अंमलबजावणीत नेमका तोच मागे पडलेला दिसतो.

चेन्नईतील मोहीम

चेन्नईच्या वाहतूक पोलिसांनी एप्रिल २०२४ मध्ये एक आदेश जाहीर केला. खासगी वाहनांच्या नोंदणी पाटीवर किंवा वाहनाच्या अन्य भागावर 'प्रेस', 'पोलीस', 'डॉक्टर', 'वकील' असे शब्द, तसेच पक्ष वा संस्थांची चिन्हे लावण्यास मनाई असल्याचे त्यात स्पष्ट करण्यात आले आणि २ मे २०२४ पासून कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा आढळल्यास १,५०० रुपये दंडाची तरतूद सांगण्यात आली. अशा चिन्हांच्या आड गैरकृत्ये होतात, हे त्यामागील कारण होते.

या भूमिकेला दुर्दैवी पूर्वानुभवाचा आधार आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसद भवनावर हल्ला करणारे दहशतवादी ज्या पांढऱ्या ॲम्बेसेडर मोटारीतून आले, तिच्यावर गृह मंत्रालयाचे बनावट स्टिकर होते. कागदाच्या चिकट तुकड्याने सुरक्षा यंत्रणेची दिशाभूल कशी होते, हे त्या दिवशी देशाने पाहिले.

चेन्नईच्या मोहिमेला आणखी एक संदर्भ आहे. हे शहर देशातील मोटार उद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. श्रीपेरुंबुदूर, ओरगडम आणि एन्नोर या परिसरांत मोटारी, दुचाकी आणि मालवाहू वाहने तयार होतात आणि त्यांतील अनेक महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही धावतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांची उच्च सुरक्षा नोंदणी पाटी पुरवण्याची जबाबदारी वाहन उत्पादकांवर आहे आणि ती बसवण्याचे काम विक्रेता करतो. त्यामुळे पाटी बसवण्याची पद्धत हा कारखान्यापासून रस्त्यापर्यंतच्या साखळीतला एक दुवा झाला आहे.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ५० व्या नियमात मार्च २००१ मध्ये दुरुस्ती करून उच्च सुरक्षा पाटीची कल्पना आणण्यात आली. ॲल्युमिनिअमची पाटी, अशोकचक्राचे २० मिलिमीटर लांबी-रुंदीचे होलोग्राम, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक, निळ्या रंगातील 'आयएनडी' ही अक्षरे आणि वाहनाच्या मागील बाजूस एकदा बसवल्यावर न निघणारे व पुन्हा न वापरता येणारे 'स्नॅप लॉक', ही तिची प्रमुख अंगे आहेत. अक्षरे रोमन लिपीत आणि अंक आंतरराष्ट्रीय पद्धतीचे असावेत, असेही नियम सांगतो. त्यामुळे चेन्नईत तमिळ आणि महाराष्ट्रात देवनागरी अंकांत रंगवलेल्या पाट्या, भाषाप्रेम कितीही खरे असले तरी, नियमात बसत नाहीत.

या नियमाची वाटचाल संथ राहिली. निविदांच्या अटींना देण्यात आलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये फेटाळले. त्यानंतरही अनेक राज्ये ढिम्म राहिली. १९९३ मध्ये दिल्लीतील बॉम्बहल्ल्यातून बचावलेले मनिंदरजीतसिंग बिट्टा यांच्या याचिकेवर न्यायालयाला पुढे अनेक वर्षे राज्यांना वारंवार फटकारावे लागले. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांसाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत ठरली. पण वाहनांची प्रचंड संख्या आणि केंद्रांवरील ताण पाहता ती त्या वर्षात अनेकदा वाढवावी लागली.

चिकटपट्टीचे गुण आणि मर्यादा

ब्रिटनमध्ये पाटी दुहेरी चिकटपट्टीने लावण्याची पद्धत सर्रास आढळते. तिचे फायदे नाकारता येत नाहीत. बंपरला भोके पाडावी लागत नाहीत, भार पूर्ण पृष्ठभागावर विभागला जातो आणि थरथराटाने पाटी सैल होत नाही. चेन्नई, मुंबई किंवा रत्नागिरीसारख्या किनारी भागांत खाऱ्या, दमट हवेमुळे लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनिअम यांच्या संपर्कात गंज लवकर धरतो. चिकटपट्टीत तो धोका उरत नाही.

तरीही चिकटपट्टीची ताकद दिशेवर अवलंबून असते. पृष्ठभागाला समांतर ओढ ती उत्तम सोसते. मात्र कडेपासून सोलल्यास तिचा प्रतिकार कमी पडतो. उष्णतेने ती मऊ होते आणि चेन्नईचा उन्हाळा चाळीस अंशांपुढे जातो. न रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या बंपरवर तिची पकड मुळातच कमी असते. पृष्ठभाग नीट स्वच्छ करून पट्टी दाबून बसवली, तरी पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईने अनुभवलेल्या पुरासारख्या प्रसंगी, पाण्याच्या लोंढ्यापुढे अर्धवट चिकटलेली पाटी टिकण्याची शक्यता कमीच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चिकटवलेली पाटी जपून सोलल्यास अखंड हाती येते. स्क्रूने बसवलेली पाटी तर साध्या पेचकसाने काही मिनिटांत निघते. स्नॅप लॉक मात्र तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडल्याची खूण राहते. म्हणून चिकटपट्टी ही कुलपाला जोड म्हणून उपयुक्त ठरेल, पण त्याची जागा घेऊ शकणार नाही.

कमकुवत दुवे

केवळ कुलूप लावल्याने प्रश्न सुटतो, असेही नाही. अनेक मोटारींवर पाटी प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवली जाते. कुलूप पाटीला चौकटीशी जखडते, पण ती चौकट वाहनाला साध्या स्क्रूनेच जोडलेली असेल, तर पाटी चौकटीसह काढता येते आणि कुलूप शाबूत राहते. दाराला भक्कम टाळे आणि बिजागऱ्या मात्र सैल, अशी ही स्थिती होय.

दुसरा दुवा कॅमेऱ्यांचा आहे. चेन्नईत अण्णानगर परिसरात २०१९ मध्ये क्रमांक वाचणारे कॅमेरे बसवण्यात आले आणि अन्य महानगरांतही त्यांचा वापर वाढला. हे कॅमेरे अक्षरे आणि अंक वाचतात; होलोग्राम किंवा लेझर क्रमांक तपासत नाहीत. साहजिकच दुसऱ्याच्या क्रमांकाची साधी बनावट पाटी त्यांच्या नजरेतून सुटू शकते आणि दंड मूळ मालकाच्या माथी येतो. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत उद्योगपती मुकेश अंबानी यांच्या निवासस्थानाजवळ स्फोटके असलेले वाहन सापडले, तेव्हा त्यावरील पाटीही बनावट होती. पाटीवरील क्रमांकावर विसंबून राहण्याची मर्यादा त्या घटनेने पुन्हा अधोरेखित केली.

तिसरा दुवा सामान्य वाहनमालकाच्या अडचणीचा आहे. किरकोळ धडकेत पाटी वाकली वा कुलूप तुटले, तर नवी पाटी मिळवण्यासाठी अर्ज, शुल्क आणि प्रतीक्षा यांतून जावे लागते. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून स्क्रू किंवा चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली जाते आणि नियमाचा हेतूच निष्फळ ठरतो.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. कुलूप चौकटीला नव्हे, तर वाहनाच्या मूळ सांगाड्याला वा भक्कम भागाला जखडण्याची सक्ती व्हावी. पोलिसांनी रस्त्यावर तपासणी करताना स्टिकरबरोबरच कुलूप आणि लेझर क्रमांकही 'वाहन' या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीशी पडताळावा. तुटलेल्या पाटीच्या बदलीसाठी जलद आणि स्वस्त सोय असावी. चेन्नईच्या मोहिमेने वाहनांवरील प्रतिष्ठेच्या चिन्हांना हात घातला, हे स्वागतार्ह आहे. आता पाटीच्या मागे दडलेल्या त्या छोट्याशा कुलपाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहण्याची गरज आहे. कारण पाटी सहज निघणारी असेल, तर तिच्यावर नोंदलेली ओळखही तितकीच सहज चोरीला जाते.