हमीद कुठले?



गेल्या अंकातल्या पत्रात परमवीर अब्दुल हमीद यांना थेट चिपळूणजवळच्या मिरजोळीचे करून टाकले आहे. जिल्ह्याचा अभिमान समजू शकतो, पण ही माणसे दोन आहेत. हवालदार अब्दुल हमीद उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातील धामुपूरचे. १९६५च्या युद्धात असल उत्तरला जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडता फोडता ते १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले.

मिरजोळीचे ते हमीद दलवाई. हाती लेखणी. ‘इंधन’ ही त्यांची कादंबरीही १९६५चीच. घोटाळा बहुधा तिथे झाला असावा. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिलला, तोंडी तलाकविरुद्ध त्यांनी मुंबईत मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. महिला किती? सात! आज कोपरासभेलाही याहून जास्त माणसे जमतात, पण त्या काळी घराबाहेर पडून फलक धरणे म्हणजे आपल्याच मोहल्ल्याशी वैर घेणे होते. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभे राहिले, त्याची पायवाट या सात जणींनीच पाडली, असे माझे मत आहे.

आमच्या लांज्यात नुसते ‘हमीद’ म्हटले, तर समोरचा आधी ‘कुठला रे?’ विचारतो. मग आडनाव, मग वाडी, तेव्हा कुठे माणूस ठरतो. पत्रलेखकांनी एवढे विचारले असते तरी भागले असते. दुरुस्ती छापाल तेव्हा माजी उपराष्ट्रपती हमीद अन्सारींना तरी कोकणात आणू नका.

– एक वाचक, लांजा (जि. रत्नागिरी)