न उडणारे विमान कशासाठी?



लाकडाचे छोटेसे विमान करून तुम्ही शाळेत नेले, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे उडते का?" "नाही" म्हटले की विचारणाऱ्याचा उत्साह मावळतो. न उडणारे विमान म्हणजे शोभेची वस्तू, अशी आपली समजूत असते. दुसरी समजूत अशी की, विमानाची प्रतिकृती करायची तर बाल्साचे लाकूडच हवे. ते शहरातल्या मोजक्या दुकानांत मिळते किंवा बाहेरून मागवावे लागते. मग वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीसारख्या गावातला विद्यार्थी म्हणतो, "हे आपले काम नव्हे." माझ्या मते या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दुसरी तर घातक आहे.

आधी न उडण्याबद्दल बोलू. राइट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 रोजी इंजिनाच्या विमानातून पहिले उड्डाण केले. ते 12 सेकंद टिकले आणि विमानाने 120 फूट अंतर कापले. पण त्याआधी दोन वर्षे, 1901 च्या अखेरीस, ते काय करीत होते? सहा फूट लांबीच्या एका लाकडी पेटीतून त्यांनी पंख्याने वारा सोडला आणि त्या वाऱ्यात पंखांचे लहान लहान नमुने धरून पाहिले. असे सुमारे 200 आकार त्यांनी तपासले. त्यांतला एकही नमुना स्वतः उडणारा नव्हता. पण माणूस उडू शकला तो त्या चिमुकल्या पंखांनी शिकवलेल्या मोजमापांमुळेच!

आता बाल्साकडे वळू. हे झाड मूळचे दक्षिण व मध्य अमेरिकेतले. 'बाल्सा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तराफा. त्याच्या एक घन सेंटिमीटर लाकडाचे वजन साधारण 0.16 ग्रॅम भरते. सागाचे याच्या सुमारे चौपट. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने 'मॉस्किटो' हे विमान बांधले. त्याचे धड प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा घालून केलेले होते. तेव्हा हे लाकूड उत्तम आहे यात शंका नाही. पण तुमची प्रतिकृती जर टेबलावरच उभी राहायची आहे, तर तिला इतके हलके लाकूड लागते कशाला? तिला लागते मऊ लाकूड. चाकूने सहज तासले जाणारे आणि सँडपेपरने गुळगुळीत होणारे.

असे लाकूड आपल्याकडे नाही का? होळीच्या सुमारास लाल फुलांनी पेटलेली काटेसावर तुम्ही पाहिलीच असेल. बाल्सा हा या सावरीचा भाऊबंद आहे आणि दोघेही कपाशीच्याच कुळातले आहेत! सावरीचे लाकूड बाल्साच्या सुमारे दुप्पट जड असते, पण तासायला मऊ असते. पांगाऱ्याचेही तसेच. झाड तोडू नका. वाऱ्याने पडलेली वाळकी फांदी पुरते. तेही न मिळाले तर ज्वारीच्या धांड्यातला भेंड आहेच. ज्याने लहानपणी भेंडाची बैलगाडी केली, त्याला विमान का जमू नये?

खरे काम लाकूड हाती घेण्याआधीच सुरू होते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. त्यांच्या 'पस मॉथ' विमानाच्या पंखांची एकूण लांबी 11.20 मीटर होती, तर नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी 7.62 मीटर. 1:50 हे प्रमाण घेतले, तर प्रतिकृतीचे पंख 22.4 सेंमी आणि लांबी सुमारे 15.2 सेंमी येईल. वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन चित्रे याच प्रमाणात कागदावर काढा. पुठ्ठ्याचे साचे कापा. तासताना दर थोड्या वेळाने साचा लाकडाला लावून पाहा. पंख कापताना लाकडाचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेनेच ठेवा. का? एक पातळ पट्टी तंतूंच्या दिशेत कापा आणि दुसरी आडवी. दोन्ही वाकवून पाहा. उत्तर तुमची बोटेच देतील.

आणखी एक गंमत करा. लांबी 50 पटींनी कमी झाली की घनफळ 1,25,000 पटींनी कमी होते. म्हणजे एक टनाच्या विमानाची प्रतिकृती, त्या हिशेबाने, फक्त 8 ग्रॅमची हवी! तुमची प्रतिकृती तोलून पाहा. ती पुष्कळ जड भरेल. कारण खरे विमान आतून पोकळ असते आणि तुमचे भरीव. विमान उडवायचे असेल तर बाल्सा का लागतो, हेही तुम्हाला न उडणाऱ्या विमानानेच शिकवले की नाही?

प्रमाण उलटेही चालते. पोहरादेवीत 2024 साली सुरू झालेले बंजारा संग्रहालय नंगारा या वाद्याच्या आकाराचे आहे. ती मोठी केलेली प्रतिकृतीच! तिचे प्रमाण किती, ते एकदा खऱ्या नंगाऱ्याची रुंदी मोजून काढा.

आता शिक्षकांना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनात बहुधा चकचकीत रंगाच्या प्रतिकृतीवर परीक्षकांची नजर आधी जाते. ती कधी विकत आणलेली असते, तर कधी वडिलांनी केलेली. तयार संच वाईट असतात असे मी म्हणत नाही. सुबक जोडणी हेही कौशल्यच आहे. पण बक्षीस देण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत : प्रमाण किती घेतले? पंखाचा आकार असाच का? काम करताना कुठे चुकले आणि ते कसे सुधारले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विकत मिळत नाही. सावरीच्या लाकडाचे, एक पंख किंचित वाकडा झालेले विमान घेऊन उभी असलेली मुलगी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देत असेल, तर पहिला क्रमांक तिचाच. तिला तो मिळाला नाही, तर विज्ञान हे पैसेवाल्यांचे काम आहे, असाच धडा ती घरी घेऊन जाईल. तो पुसायला फार वर्षे लागतात.

तेव्हा मित्रांनो, बाल्साची वाट पाहत बसू नका. एक पट्टी, एक धारदार चाकू आणि एक वाळकी फांदी घ्या. चाकू नेहमी स्वतःपासून दूर चालवा. लहान असाल तर मोठ्यांना जवळ बसवा. आणि कुणी विचारलेच, "उडते का?" तर खुशाल सांगा, "नाही. पण खरे विमान का उडते, ते मला आता थोडे कळू लागले आहे."